तराजूमागचा माणूस

दुखण्यातून उठलेला मनुष्य प्रथम देवाचे आणि मग डॉक्टरांचे आभार मानतो. ज्या औषधाने त्याला गुण आला ते ज्याने शुद्ध केले, तोलले आणि पुडीत बांधून त्याच्या हाती दिले, त्या माणसाचे नाव मात्र त्याला बहुधा ठाऊक नसते. आपण त्याला कंपाउंडर म्हणतो, केमिस्ट म्हणतो. ग्रंथांच्या भाषेत तो औषधनिर्माता होतो. नाव कोणतेही असो, काउंटरच्या पलीकडे उभा असलेला हा माणूस म्हणजे औषधे विकणारा दुकानदार अशीच आपली समजूत असते. परंतु गेल्या दोनशे वर्षांत औषधांच्या संशोधनाला जे शास्त्रीय रूप आले, त्यात या तराजूमागच्या माणसाचा वाटा केवढा मोठा आहे, हे पाहिले म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे ते कळून येते.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रोगी. यात औषध तयार करणाऱ्याला वेगळे स्थान नाही, कारण ते काम वैद्याच्याच हातचे होते. युरोपात मात्र तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने आपल्या राज्यात वैद्याचा आणि औषधनिर्मात्याचा धंदा कायद्याने वेगळा केला. औषध लिहून देणाऱ्याने त्याच्या विक्रीत भागीदार असू नये, असा त्यामागचा व्यवहारी विचार होता. पुढे याच विभागणीतून असा एक वर्ग निर्माण झाला की ज्याचे सारे लक्ष रोग्याकडे नसून द्रव्याकडे होते.

आता औषधाची परीक्षा ही गोष्ट मुळातच किती बिकट आहे ते पाहू. ‘औषधावाचून खोकला गेला’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण वेगळ्या अर्थाने वापरतो. पण तिच्या शब्दार्थातच वैद्यकशास्त्राची सर्वांत मोठी अडचण सांगितलेली आहे. पुष्कळ दुखणी आपोआप बरी होतात. मग काढा घेतल्यावर खोकला गेला, तो काढ्याने गेला की जाणारच होता म्हणून गेला? हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून साधा दिसतो, पण त्याच्या आधी येतो: त्या काढ्यात होते तरी काय आणि किती? दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावाचून पहिला प्रश्न विचारणेच व्यर्थ. आणि हा दुसरा प्रश्न औषधनिर्मात्याचा आहे.

अफूचेच उदाहरण घ्या. वेदना शमवण्यासाठी ती शतकानुशतके वापरात होती. परंतु एका वडीत जेवढा गुण असे तेवढा दुसरीत असेलच, याची शाश्वती नसे. एका मात्रेने रोग्याला झोप लागे, तर दुसऱ्या ठिकाणच्या तेवढ्याच मात्रेने तो दगावे. जर्मनीतील पाडरबॉर्न येथे एका औषधालयात काम शिकणाऱ्या फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर नावाच्या तरुणाने १८०४ च्या सुमारास या अफूतील झोप आणणारे द्रव्य वेगळे काढले. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती आणि विद्वानांनी प्रारंभी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. तेव्हा त्याने स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला. प्रत्येकाने अर्धा ग्रेन द्रव्य घेतले, थोड्या वेळाने पुन्हा अर्धा, आणि मग आणखी अर्धा. त्यांच्या जिवावरच बेतले होते. शेवटी त्याने सर्वांना व्हिनेगर पाजून ओकाऱ्या काढावयास लावल्या. १८१७ साली त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. हेच ते मॉर्फीन. त्या प्रयोगातील धाडस आजच्या दृष्टीने अक्षम्य ठरेल, पण शुद्ध द्रव्याची तोललेली मात्रा देऊन तिचा परिणाम टिपून ठेवण्याची रीत येथे स्पष्टपणे दिसू लागते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८२० साली, पॅरिसमधील पेलेतिये आणि काव्हांतू या दोघा औषधनिर्मात्यांनी सिंकोना झाडाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले. ही साल हिवतापावर चालते हे युरोपला सतराव्या शतकापासून माहीत होते. पण बाजारात येणारी साल कधी अस्सल, कधी भेसळीची, कधी जुनाट असे. क्विनीन हाती आल्यावर चमचाभर कडू भुकटीच्या जागी मोजके ग्रेन आले. विशेष हे की, या दोघांनी आपली कृती प्रसिद्ध करून टाकली. तिच्यावर मक्तेदारी सांगितली नाही. फ्रेंच विज्ञान अकादमीने १८२७ साली त्यांना दहा हजार फ्रँकचे पारितोषिक दिले.

येथून ही कथा आपल्या देशाकडे वळते. हिवतापाने गांजलेल्या हिंदुस्थानात क्विनीनची गरज अपार आणि किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरची. म्हणून १८६०-६१ मध्ये क्लेमंट्स मार्कहॅम यांच्या खटपटीने दक्षिण अमेरिकेतून सिंकोनाची रोपे आणि बी आणून निलगिरीवर लागवड करण्यात आली. लाल सालीची जात येथे उत्तम वाढली. परंतु तिच्यात क्विनीन थोडे आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे सिंकोनिडीन व सिंकोनीन, पुष्कळ. लंडनमधील औषधनिर्माते जॉन एलियट हॉवर्ड हे हिंदुस्थानातून गेलेल्या सालींचे पृथक्करण करून अंश न् अंश मोजत असत. १८६६ साली सरकारने उटकमंड येथे जॉन ब्रॉटन यांची खास ‘क्विनॉलॉजिस्ट’ म्हणून नेमणूक केली. साल तपासणे आणि तिच्यातून औषध काढणे हेच त्यांचे काम.

आता प्रश्न उभा राहिला की, हे भाऊबंद फेकून द्यावयाचे की तेही ताप उतरवतात? त्याचे उत्तर तर्काने मिळण्यासारखे नव्हते. १८६६ मध्ये मद्रास, मुंबई आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत वैद्यकीय आयोग नेमले गेले आणि चारही द्रव्यांचे शुद्ध क्षार वेगवेगळ्या रोग्यांना देऊन पाहण्यात आले. नोंदीप्रमाणे एकूण २४७२ रोग्यांवर उपचार झाले: क्विनीन ८४६ जणांना, क्विनिडीन ६६४ जणांना, सिंकोनीन ५५९ जणांना आणि सिंकोनिडीन ४०३ जणांना. त्यांपैकी २४४५ बरे झाले, २७ जणांना गुण आला नाही. दर हजारी अपयश काढले तेव्हा क्विनिडीनचे ६, क्विनीनचे ७, सिंकोनिडीनचे १० आणि सिंकोनीनचे २३ असे भरले.

आजच्या कसोटीवर या चौकशीत उणिवा दिसतात. रोग्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. हिवतापाचा जंतू लाव्हरां यांना दिसला तो १८८० साली, तेव्हा यांतील किती ताप खरोखर हिवताप होते हे सांगणे कठीण. आणि आपोआप उतरलेले ताप कोणते, हा म्हणीतला प्रश्न तसाच राहिला. तथापि चार शुद्ध द्रव्ये समोरासमोर ठेवून, यशाबरोबर अपयशही मोजून, त्यावर सरकारी धोरण ठरवावे, ही दृष्टी त्या काळी सामान्य नव्हती. या निष्कर्षांच्या आधारावर दार्जिलिंगजवळच्या मंगपू येथे सर्व द्रव्ये एकत्र असलेले स्वस्त सिंकोना-ज्वरनाशक १८७४ पासून तयार होऊ लागले, आणि १८९२ पासून बंगालमध्ये क्विनीनची पुडी टपाल कचेरीत एका पैशाला मिळू लागली. औषधशाळेतल्या तराजूचा खेड्यातल्या रोग्याशी असा थेट संबंध जडला.

विसाव्या शतकात त्या राहिलेल्या प्रश्नाला हात घातला गेला. १९४४ साली ब्रिटनमध्ये पॅट्युलिन नावाचे, बुरशीपासून काढलेले द्रव्य सर्दीवर चालते काय, याची परीक्षा झाली. कारखान्यांत आणि टपाल कचेऱ्यांत काम करणाऱ्या हजारावर लोकांनी तीत भाग घेतला. औषधाच्या बाटल्यांवर केवळ चार अक्षरे होती; दोन अक्षरांच्या बाटल्यांत पॅट्युलिन आणि दोहोंत त्याच्याविना नुसता द्रव. कोणत्या बाटलीत काय, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हते आणि घेणाऱ्यालाही. शेवटी असे दिसले की, सर्दी दोन्हीकडे सारखीच गेली. औषधावाचून खोकला जातो हे अखेर मोजून सिद्ध झाले!

अशा परीक्षेचा सारा भार कोणावर असतो, याचा विचार करा. खरी गोळी आणि पोकळ गोळी रंगाने, वासाने, चवीने तंतोतंत सारखी हवी. नाही तर भेद उघडा पडतो. कोणत्या क्रमांकाला काय दिले त्याची यादी कुलुपात हवी, आणि रोग्याच्या जिवाला धोका उत्पन्न झाल्यास ती मध्यरात्रीही हाती लागली पाहिजे. किती मात्रा दिल्या, किती परत आल्या, किती वाया गेल्या, याचा ताळा जुळला पाहिजे. हे काम औषधनिर्मात्याचे. सरकारी दप्तरात आयुष्य घालवणाऱ्याला त्याची थोरवी विशेष जाणवते. हिशेब चुकला तर निकालही चुकतो.

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग्यांवर असाच एक महत्त्वाचा प्रयोग सुरू झाला. १९३ रोग्यांची चिठ्ठ्यांच्या तत्त्वाने वाटणी करून काहींना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या गरीब घरीच औषध देण्यात आले. घरी राहणारे औषध खरोखर घेतात काय, हे त्यांच्या लघवीची तपासणी करून पाहत. वर्षअखेरीस आरोग्यधामातील शेकडा ९२ आणि घरचे शेकडा ८६ रोगी जंतुमुक्त झालेले आढळले. १९५९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि घरीच क्षयाचा उपचार करण्याचा मार्ग जगाला मोकळा झाला. औषध पोटात गेले की नाही, हे पाहण्याची दक्षता नसती तर या आकड्यांना काडीचीही किंमत नव्हती.

जेथे ही दक्षता सुटली तेथे काय घडले, तेही सांगितले पाहिजे. १९३७ साली अमेरिकेत एका कंपनीच्या रसायनज्ञाने सल्फानिलामाइड हे गुणकारी औषध पातळ रूपात आणण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. रंग पाहिला, चव पाहिली, वास पाहिला; विषारीपणा तेवढा पाहिला नाही. शंभरावर माणसे मेली, त्यांत बालके पुष्कळ. पुढच्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला. आणि १९८६ साली, त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने, आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच विषाने दूषित झालेले ग्लिसरीन दिले गेल्यामुळे चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या पायरीपायरीवरील ढिलाई उघड केली. वैद्यांचे निदान चुकले नव्हते. बाटलीत काय आहे, हा पहिला साधा प्रश्न कोणी नीट विचारला नव्हता.

आपल्या देशाला ही जाणीव अगदीच नव्हती असे नाही. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३१ सालच्या अहवालात बाजारातील बनावट औषधांचे आणि अशिक्षित औषधविक्रीचे चित्र मांडले होते. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात या शास्त्राचे शिक्षण सुरू केले. १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा ही त्याच विचाराची फळे. २००८ पासून रुग्णालयात प्रत्यक्ष रोग्याजवळ शिकण्याचा फार्म. डी. हा अभ्यासक्रम आला, २०१० मध्ये औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली, आणि २०१९ च्या नियमांनी नव्या औषधांच्या परीक्षांना सविस्तर बंधने घातली.

कायदे झाले, तरी काउंटरमागील माणसाकडे पाहण्याची आपली दृष्टी फारशी बदललेली नाही. अजून कित्येक दुकानांत नोंदणीपत्रक भिंतीवर एकाचे टांगलेले असते आणि औषध देणारा हात दुसऱ्याचा असतो. आणि त्याची चौकशी करावी असे आपणांसही वाटत नाही. नव्या औषधाचा शोध लागला की आपण शोधकाचे नाव लक्षात ठेवतो. ते योग्यच आहे. परंतु त्या शोधावर आपण विश्वास ठेवू शकतो, तो प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच आत आहे, अशी कोणीतरी हमी दिलेली असते म्हणून. चरकाच्या चार पादांतील द्रव्य हा पाद आज ज्याच्या हाती आहे, त्याला शिक्षण, अधिकार आणि मान हे तिन्ही मिळाले पाहिजेत. कारण त्या पादाखालची जमीन खचली, तर उरलेले तीन पाद कितीही भक्कम असले तरी रोग्याला सावरू शकणार नाहीत.