मागच्या माणसाचे खाते

डिसेंबर १९९८ मध्ये जावाची १.२ आवृत्ती आली, तिच्यासोबत थ्रेडलोकल हा क्लास आला. त्याच्या सोर्स फाइलमध्ये जॉश ब्लॉक आणि डग ली ही लेखकांची नावे आहेत. वर्णनात म्हटले आहे की, थ्रेड जिवंत असेतोवर व्हेरिएबलची स्वतःची प्रत त्याच्यापाशी राहते. थ्रेड संपला की ती मेमरीतून काढायला मोकळी होते. सफाईची भिस्त थ्रेड संपण्यावर.

वेब सर्व्हरच्या पूलमधला थ्रेड मात्र एका रिक्वेस्टनंतर संपत नाही. समजा, सातबारा देणाऱ्या एखाद्या पोर्टलवर पोलादपूरच्या शेतकऱ्याने लॉगिन केले. थ्रेडने त्याचे खाते थ्रेडलोकलमध्ये ठेवले, उतारा पाठवला आणि तो पूलमध्ये परतला. त्याच थ्रेडवर पुढची रिक्वेस्ट महाडहून आली, लॉगिन न केलेली. खाते भरलेले आहे की नाही एवढेच कोडने पाहिले, तर महाडच्या माणसाला पोलादपूरकराची माहिती दिसेल. एकट्याने एकाच नावाने चाचणी घेणाऱ्याला ही चूक दिसतच नाही.

हे कर्त्यांना ठाऊक होते का? २००४ च्या जावा ५ मध्ये दोन नोंदी आहेत. डग ली यांचा थ्रेडपूलएक्झिक्युटर याच आवृत्तीत आला. प्रत्येक कामाच्या आधी-नंतर आपला कोड चालवण्याची सोय त्यात आहे, आणि तिच्या उपयोगाचे उदाहरण म्हणून थ्रेडलोकल नव्याने भरणे हेही दिले आहे. थ्रेडलोकलला 'रिमूव्ह' ही मेथडही तेव्हाच मिळाली. पण तिच्या वर्णनात कारण दिले ते जागा वाचण्याचे. एकीमुळे दुसरी आली असे कोणतीच नोंद सांगत नाही, तेव्हा तसे म्हणता येणार नाही. पूलमध्ये जुनी व्हॅल्यू उरते याची जाण मात्र पहिल्या नोंदीतून स्पष्ट दिसते.

नंतर टॉमकॅट या वेब सर्व्हरनेही बराच भर मेमरीवरच दिला. ॲप्लिकेशन बंद करताना थ्रेडलोकल साफ न केल्याचा इशारा तो लॉगमध्ये लिहितो आणि आवृत्ती ७ पासून पूलमधले थ्रेड हळूहळू बदलतो. मेमरी भरली तर सर्व्हर बंद पडतो आणि सगळ्यांना कळते. परक्याचे खाते उघडले तर ज्याचे खाते त्याला कळतही नाही, म्हणून मला हा दुसरा धोका कितीतरी गंभीर वाटतो. मार्च २०२३ च्या जावा २० सोबतच्या 'स्कोप्ड व्हॅल्यूज' या थ्रेडलोकलच्या पर्यायाच्या प्रस्तावात, जेईपी ४२९ मध्ये, तो स्वच्छ लिहिला आहे: पूलमध्ये एका कामाची व्हॅल्यू दुसऱ्या असंबंधित कामात जाऊ शकते आणि त्यातून सुरक्षेला धोका होतो.

सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मध्ये 'स्कोप्ड व्हॅल्यूज'ची सोय कायम झाली. थ्रेडलोकल तरीही आहेच. त्यामुळे फिल्टरमध्ये रिक्वेस्ट पुढे पाठवणारी ओळ 'ट्राय'मध्ये आणि 'रिमूव्ह' 'फायनली'त हवी. मग मध्येच एक्सेप्शन आले तरी सफाई होते. 'रिमूव्ह' फक्त चालू थ्रेडची प्रत काढते. काम दुसऱ्या थ्रेडकडे सोपवले असेल, तर तिथे वेगळा 'फायनली' लिहावा लागतो.