वाडा कोणाचा?

वडिलांच्या पश्चात भाडेकरूवर दावा लावला, तर तो कोर्टात म्हणाला, "वाडा यांच्या वडिलांचा नव्हताच, काकांचा होता!" मी हबकलो. वकीलसाहेब हसले. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ११६ : ज्याच्याकडून जागा भाड्याने घेतली, त्याची त्या वेळची मालकी भाडेकरूला नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ला आलेल्या नव्या कायद्यातही हा नियम टिकला आहे.

पण इंग्रजांनी दुसरी बाजूही पाहिली होती. १८८७च्या कायद्यानुसार, हक्क मालकीच्या प्रश्नावरच अवलंबून असेल, तर लघुवाद न्यायालयाला दावा परत देता येतो. मालकीचा अंतिम निकाल मोठ्या कोर्टाने द्यावा.

आम्ही जिंकलो. ताबा मिळाला, पण मालकी ठरली नाही. चुलतभाऊ हे वाचत असतीलच. कोर्टाआधी एकदा घरी या, बोलू.