मुंबईचे ओले उन्हाळे

ऐन वैशाखात पाऊस कोसळू लागला, की आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, पाऊस लवकर आला, आता वर्ष चांगले जाणार. दुसरे म्हणते, हा अवेळीचा पाऊस मृगाचा पाऊस खाणार. या दोन्ही मतांना इतिहासाचा आधार कितपत आहे, ते आपण मुंबईच्या उदाहरणाने पाहू.

मुंबईचीच निवड करण्याचे कारण असे, की कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, आणि इतक्या जुन्या वेधशाळा आपल्या देशात फार थोड्या आहेत. एरवी मे महिन्यात मुंबईत वळवाची एखादी सर यावयाची, एवढेच. परंतु १९१८ च्या मे महिन्यात कुलाब्यास २७९.४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापाने ११ इंच पाऊस झाला. त्याच वर्षी मोसमी पाऊस केरळात ११ मे रोजीच पोहोचला. नोंदींत याहून लवकरची तारीख आढळत नाही.

असा भरघोस आरंभ झाल्यावर पुढे काय घडले? पिकांना पावसाची खरी गरज असते त्या जुलैतच त्याने पाठ फिरवली, आणि १९१८ हे देशातील अत्यंत भीषण अवर्षणाच्या वर्षांत जमा झाले. मुंबई इलाख्यात पिके बुडाली, चारा संपला, धान्य महागले. महायुद्ध अजून चालूच होते. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेली इन्फ्लुएंझाची साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात उग्र झाली, आणि तिला गाठ पडली ती अर्धपोटी माणसांशी. देशभरात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. साथ काही पावसाने आणली नव्हती. पण अवर्षणाने तिच्यापुढे दुबळी माणसे उभी केली, हे विसरता येत नाही.

मग दुसरे मत खरे मानावयाचे काय? तसेही नाही. २०२५ च्या मे महिन्यात कुलाब्याने १९१८ चा उच्चांक मोडला. एरवी ११ जूनच्या सुमारास येणारा मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. लोकांना १९१८ ची आठवण झाली असती तर धास्तीच वाटली असती. प्रत्यक्षात त्या मोसमात देशाचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के झाला. उलटपक्षी, १९७२ साली मोसमी पाऊस केरळात १८ जूनला, म्हणजे फारच उशिरा आला, आणि त्या वर्षीचा दुष्काळ महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही.

तेव्हा सर्वांत लवकर आलेला पाऊसही दगा देतो आणि सर्वांत उशिरा आलेलाही. मे महिन्यातील पाऊस बहुधा अरबी समुद्रातील तात्पुरत्या हालचालींवर पडतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे गणित निराळे. उच्चांक आपल्याला झालेली गोष्ट सांगतो, होणारी नव्हे. १९१८ च्या ओल्या उन्हाळ्यापासून घ्यावयाचा बोध एवढाच, की पहिल्या सरीच्या आनंदात धान्याची कोठारे आणि पाण्याची तळी यांची काळजी ढिली पडू देऊ नये.