केळव्याची शीतळादेवी, मुंबईची लस आणि आपलीं दप्तरें

पालघर हें आज त्याच नांवाच्या जिल्ह्याचें मुख्य ठाणें होय. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. तत्पूर्वीं हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडे, व इंग्रजी अमदानींतील कागदांत तो माहीम तालुका या नांवानें येतो. हें माहीम म्हणजे मुंबईचें माहीम नव्हे, केळवें-माहीम. ही गोष्ट ध्यानांत न ठेवल्यास संग्राहकाची फसगत होण्याचा संभव आहे. याच केळव्यास समुद्रकाठीं शीतळादेवीचें प्रसिद्ध देऊळ आहे. ज्या रोगाची ही अधिष्ठात्री देवता मानली गेली, तो रोग आतां पृथ्वीवर उरला नाहीं. देवता आहे व तिचे भक्तहि आहेत. रोग नाहींसा कसा झाला, त्या घडामोडींत आपल्या बाजूचा भाग कोणता, आणि त्याचीं साधनें कोठें व कोणत्या कसोटीनें शोधावीं, याचा थोडक्यांत विचार येथें योजिला आहे.

आपल्या वैद्यकग्रंथांस हा रोग अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेंत मसूरिकेची गणना क्षुद्ररोगांत आहे. माधवनिदानांत तिला स्वतंत्र प्रकरण मिळालें. आणि सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें भावप्रकाशांत शीतळेचें वर्णन करून तिचें स्तोत्रहि त्याच जागीं दिलें. क्षुद्ररोगांत गणलेला विकार कालांतरानें स्वतंत्र निदानास व अखेर देवतेच्या आराधनेस पात्र झाला, यावरून त्याची दहशत किती वाढली असावी याचें अनुमान होतें. म्हणून एखाद्या बाडांत एका पानावर कडुलिंबाच्या पाल्याचा उपचार व पुढच्याच पानावर शीतळाष्टक आढळलें, तर तें केवळ अडाणीपणाचें लक्षण समजूं नये. ज्या रोगावर खात्रीचा उपाय नाहीं, तेथें वैद्य आणि भक्त एकाच घरांत नांदत असत.

उपाय अगदींच नव्हता असेंहि नाहीं. बंगाल्यांत टीकादार लोक रोग्याच्या फोडांतील द्रव्य निरोगी माणसाच्या दंडावर टोचीत; त्यायोगें बहुधा सौम्य देवी येऊन तो पुढें सुरक्षित राही. या रीतीचें वर्णन हॉलवेल नांवाच्या इंग्रजानें १७६७ सालीं प्रसिद्ध केलें. परंतु टोचल्यानें येणारा रोग खराच असे. तो कधीं प्राणहि घेई, आणि टोचलेल्या माणसापासून शेजारच्या घरांत सांथ शिरे.

या अडचणींतून मार्ग काढला तो एडवर्ड जेनर यानें. १४ मे १७९६ रोजीं त्यानें एका गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडांतली लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलास टोचली. पुढें त्याच मुलास खऱ्या देवीचें द्रव्य टोचूनहि देवी आल्या नाहींत. १७९८ सालीं जेनरचें पुस्तक निघालें. आतां प्रश्न उरला तो प्रवासाचा. दोऱ्यांवर वाळवून धाडलेली लस उष्णतेनें निकामी होई. अखेर व्हिएन्नाचे डॉक्टर द कारो यांनीं पाठविलेली लस बगदादेस टिकली, तेथून बसऱ्यास गेली व बसऱ्याहून मुंबईस आली. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती लागू पडली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेलें गोदेवीचें हें पहिलें टोचणें. पुढील आठवड्यांत तिच्या दंडावरील लस घेऊन दुसऱ्या पांच मुलांस टोचलें, आणि याच रीतीनें ती पुणें, सुरत, हैदराबाद व मद्रास येथें पोंचली.

येथें एक गोष्ट नजरेआड होऊं देतां कामा नये. त्या काळीं लस ठेवण्यास कुपी वा बर्फ नव्हता; मुलाचा दंड हीच कुपी होती. सांखळी एका जागीं तुटली म्हणजे पुनः मागें जाऊन लस आणावी लागे. जेनरचें व द कारोचें नांव ग्रंथांत राहिलें. अॅनेचें नांव राहिलें हें सुदैव. परंतु तिच्या मागून ज्या शेंकडों मुलांच्या दंडांवरून हा शोध देशभर चालत गेला, त्यांचीं नांवें बहुतांशीं लोपलीं. एका मुलाच्या अंगांतील द्रव्य दुसऱ्याच्या अंगांत घालण्यास लोक कचरत, यांत सोवळ्याओवळ्याचा विचार होता हें खरें; पण या रीतीनें इतर रोगहि पसरूं शकत, हेंहि तितकेंच खरें. म्हणजे त्यांचा संकोच सर्वस्वीं निराधार नव्हता. पुढें वासरांच्या अंगावर लस वाढविण्याची रीत आली तेव्हां ही अडचण दूर झाली. मुंबई शहरांत मुलांस देवी काढणें १८७७ च्या कायद्यानें सक्तीचें झालें.

लोकांनीं हा शोध कसा पचविला याचा पुरावा भाषेंतच आहे. रोग झाला म्हणजे ‘देवी आल्या’ आणि लस टोचली म्हणजे ‘देवी काढल्या’. परक्या विद्येला आपल्या देवतेचेंच नांव मिळालें. ‘लस’ हा शब्दहि मूळचा जखमेंतून पाझरणाऱ्या पाण्याचा. तोच आज प्रत्येक प्रतिबंधक टोचणीला लागतो.

आतां संग्राहकांस विशेष महत्त्वाची अशी एक हकीकत. १८१९ सालीं मद्रासच्या एका वृत्तपत्रांत पत्र प्रसिद्ध झालें, कीं गाईच्या आचळावरील फोडांची लस टोचण्याचा विधि धन्वंतरीच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या एका संस्कृत ग्रंथांत आहे. हें वृत्त युरोपांतील वैद्यकीय ग्रंथांतहि शिरलें, आणि पुढें अभिमानानें उगाळलें गेलें. परंतु तो ग्रंथ कोणीं दाखविला नाहीं, आणि आपल्या प्रमाण वैद्यकसंहितांत तशा विधीचा मागमूस नाहीं. उलट मद्रासेकडील संस्कृतज्ञ अधिकारी एलिस यानें लोकांचा संकोच जावा म्हणून लसीवर संस्कृत श्लोक रचिले, ते जुन्या कागदावर लिहून प्राचीन म्हणून पुढें केले, असें त्या काळच्या इंग्रजी लेखनांत नमूद आहे. हेतु परोपकाराचा असेल. तरी बनावट कागद तो बनावटच. पूर्वजांच्या टीकादारीचें श्रेय खरें आहे व तें आपण निःशंक घ्यावें. खोट्या श्लोकावर उभारलेलें श्रेय मात्र पहिल्या परीक्षेंतच ढांसळतें व खऱ्यासहि कमीपणा आणतें. जो कागद आपल्या मनाजोगें तेंच नेमकें सांगतो, त्याची परीक्षा अधिक कसून घ्यावी, हा संशोधनाचा पहिला धडा होय.

जेनरला रोगाचें बीज ठाऊक नव्हतें. त्याचा शोध निरीक्षणाचा. शंभर वर्षांनीं त्याच मुंबईंत दुसऱ्या जातीचा शोध लागला. १८९४ सालीं येर्सिन यानें हाँगकाँगास प्लेगचा जंतु ओळखला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांतील रोग प्लेगच आहे असें डॉ. व्हिएगस यांनीं निदान केलें. आणि हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत तो जंतु वाढवून, मारून, त्याची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोचून घेतली. गवळणीच्या हातावर योगायोगानें सांपडलेली वस्तु आणि कारण जाणून हेतुपुरस्सर घडविलेली वस्तु, यांतील अंतर म्हणजेच अर्वाचीन वैद्यकाचा उदय. हाही मार्ग निष्कंटक नव्हता. १९०२ सालीं पंजाबांतील मलकोवाल येथें टोचणीनंतर १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन यांच्यावर आला, व तो दूर होण्यास अनेक वर्षें लागलीं. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ सालीं त्यांचें नांव मिळालें.

देवीचा रोग हिंदुस्थानांत १९७५ सालीं अखेरचा दिसला, आणि ८ मे १९८० रोजीं तो जगांतून गेल्याचें जाहीर झालें. मनुष्यानें समूळ घालविलेला हा पहिलाच मानवी रोग. त्यामुळें त्याचे कागदहि आतां निरुपयोगी समजले जाऊन रद्दींत जातात. देवी काढल्याचे दाखले, टोचणाऱ्याच्या फेरीच्या याद्या, मुलाच्या देवीविषयीं काळजीनें लिहिलेलीं घरगुती पत्रें, नवसाच्या नोंदी, हें सारें सनदा-ताम्रपटांपुढें क्षुल्लक वाटतें. परंतु राज्यें कोणाचीं होतीं हें सनदांवरून कळतें. घरांत किती मुलें जगलीं व कशानें जगलीं, हें या चिटोऱ्यांवरूनच कळणार. डॉ. भाऊ दाजी लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या पहिल्या पदवीधरांपैकीं. रोग्याची नाडी पाहणारा तोच पुरुष अजिंठ्याचे लेखहि वाची. त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं हे दोन विषय परस्परांस परके मानूं नयेत.

तरी केळवें, माहीम, तारापूर, पालघर या बाजूच्या जुन्या घरांत ज्यांचा प्रवेश आहे, त्यांनीं असे कागद बाडांतून वेगळे न काढतां, ज्या रुमालांत सांपडले त्याच रुमालासह, घराच्या व गांवाच्या नोंदीनिशीं जतन करावे. अॅनेच्या मागून ज्यांनीं दंड पुढें केले, त्यांपैकीं एखाद्याचें नांव अद्याप कोठल्या तरी माळ्यावर वाळवीची वाट पाहत पडलें असेल.