पटवून देण्याची परंपरा

जैन समाजाचा इतिहास सांगताना तीर्थक्षेत्रे, मंदिरे, ग्रंथभांडारे आणि दानशूर श्रेष्ठी यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. त्या मानाने वादसभांची आठवण क्वचितच काढली जाते. वास्तविक जैन आचार्य शतकानुशतके राजसभांत, विद्येच्या नगरांत आणि प्रसंगी वाटेवर उभे राहूनही आपले म्हणणे मांडत आले आहेत. राज्याश्रय कधी लाभला, कधी हरपला; संख्याबळ फारसे नव्हते. अशा समाजाला आपले तत्त्व दुसऱ्यास पटवून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. या परंपरेतील काही ठळक प्रसंग महाराष्ट्राच्या भूमीशी निगडित आहेत.

श्रवणबेळगोळ येथील चंद्रगिरीवर शके १०५० (इ.स. ११२८-२९) मधील मल्लिषेण प्रशस्ती नावाचा शिलालेख आहे. त्यात आचार्य समंतभद्र यांच्या वादयात्रेचे वर्णन येते. पाटलीपुत्रापासून माळवा, सिंधू, कांची, विदिशा अशा ठिकाणी वादाचे आव्हान देणारी भेरी वाजवून अखेर ते करहाटक नगरात आले, असे हा लेख सांगतो. योद्ध्यांनी व विद्वानांनी गजबजलेले हे करहाटक म्हणजे सातारा जिल्ह्यातील आजचे कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. शिलालेख समंतभद्रांनंतर कित्येक शतकांनी कोरलेला आहे, हे ध्यानात घेऊनही एक गोष्ट स्पष्ट होते. विद्वान जेथे एकत्र येतात, तेथे आपण होऊन जावे आणि आपला विचार कसोटीला लावावा, ही वृत्ती परंपरेने भूषणावह मानली.

समंतभद्रांची ही कसोटी केवळ परमतापुरती नव्हती. ‘आप्तमीमांसा’ या त्यांच्या ग्रंथाचा आरंभच विलक्षण आहे. देवांचे आगमन, आकाशगमन, चामरे इत्यादी वैभव मायावी पुरुषांच्या ठायीही दिसू शकते. म्हणून तेवढ्यावरून जिनेंद्रांचे थोरपण सिद्ध होत नाही, असे ते निःसंकोचपणे मांडतात. श्रद्धेचे स्थान ते नाकारत नाहीत; परंतु श्रद्धेला कारण असावे, असा त्यांचा आग्रह आहे. पुढे अकलंकांनी ‘अष्टशती’ आणि विद्यानंदांनी ‘अष्टसहस्री’ या टीका याच ग्रंथावर रचल्या. प्रश्न विचारणारा शिष्य परंपरेला संकट वाटला असता, तर या ग्रंथाला असा मान मिळता ना.

वाद म्हटला की हार-जीत आलीच. भारतीय न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, केवळ विजयासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे निव्वळ खंडन करते ती वितंडा. आचार्य हेमचंद्रांनी ‘प्रमाणमीमांसा’ ग्रंथात यांपैकी वाद एवढीच चर्चा मान्य केली. जल्प व वितंडा यांना तिच्या बरोबरीचे स्थान दिले नाही. वादी देवसूरींनी ‘प्रमाणनयतत्त्वालोक’ या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात वादाची चार अंगे सांगितली: वादी, प्रतिवादी, सभ्य आणि सभापती. विजयाच्या इच्छेने बोलणारा आणि तत्त्वनिर्णयाच्या इच्छेने बोलणारा, असा भेदही त्यांनी केला. या नियमांमागे अनेकांताची दृष्टी आहे. प्रत्येक विधान कोणत्या तरी एका अपेक्षेने खरे असते; ती अपेक्षा समजून घेतल्याखेरीज त्याचे खंडन करणेही न्याय्य ठरत नाही. प्रतिपक्ष कोठे उभा राहून बोलतो आहे, हे पाहणे हे जैन तार्किकाचे पहिले कर्तव्य होय.

तर्क अचूक असूनही तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही तर काय होते, हे सिद्धसेन दिवाकरांच्या कथेत दिसते. ही कथा तेराव्या शतकातील ‘प्रभावकचरित’ या ग्रंथात आली आहे. सिद्धसेन हे प्रकांड पंडित होते. जो आपल्याला वादात जिंकेल त्याचे शिष्यत्व पत्करण्याची त्यांची प्रतिज्ञा होती. वृद्धवादी आचार्यांची व त्यांची गाठ वाटेतच पडली. निर्णय देण्यास आसपास गुराख्यांखेरीज कोणी नव्हते. सिद्धसेन संस्कृतातून बोलले. गुराख्यांना त्यातले काहीच उमगले नाही. वृद्धवादींनी मात्र त्यांच्याच बोलीत, ठेका धरून, हिंसा आणि चोरी न करण्याचा साधा उपदेश गाऊन सांगितला. गुराख्यांनी एकमुखाने त्यांना विजयी ठरवले. पुढे याच सिद्धसेनांनी आगमग्रंथ प्राकृतातून संस्कृतात आणण्याचा मनोदय बोलून दाखवला, तेव्हा संघाने त्यांना कठोर प्रायश्चित्त दिले, असे ही कथा सांगते. सामान्य जनांना कळणाऱ्या वाणीचा मान राखणे, हा त्यामागील भाव होता. परंपरेनुसार सिद्धसेनांचे अखेरचे दिवस प्रतिष्ठानपुरी, म्हणजे आपल्या पैठण येथे गेले.

अर्वाचीन काळात हा प्रश्न ग्रंथमुद्रणाच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्री प्रती मुडबिद्री येथे जतन केलेल्या होत्या. त्यांचे दर्शन घडे, वाचन मात्र दुर्लभ होते. धर्मग्रंथ छापावेत काय आणि गृहस्थाने सिद्धांतग्रंथ वाचावेत काय, याविषयी समाजात तीव्र मतभेद होते. ज्यांनी शतकानुशतके ही ताडपत्रे सांभाळली, त्यांची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. पावित्र्याचा भंग होईल, ही त्यांची चिंता प्रामाणिक होती. मुंबईचे शेठ माणिकचंद, सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आदींनी चिकाटीने प्रयत्न करून या ग्रंथांच्या नकला करवून घेण्याचे काम सुरू केले. अखेर अमरावतीचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये ‘धवले’चा पहिला भाग हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. शुद्ध पाठ आणि सुबोध अनुवाद हाती आल्यावर विरोधाची धार हळूहळू बोथट झाली. काळजीपूर्वक केलेले काम हेच येथे सर्वांत परिणामकारक उत्तर ठरले.

कृतीने पटवून देण्याचे याहून मोठे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकत असताना सोवळ्याच्या नियमावरून मतभेद होऊन त्यांना तेथील जैन वसतिगृह सोडावे लागले. पुढे ओगले यांच्या काचसामानाचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते खेडोपाडी फिरले. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, असा त्या काळी शेतकऱ्यांत समज होता. असा समज व्याख्यानाने जात नाही. नांगरलेले शेतच तो दूर करते. गावकऱ्याच्या मनात काय आहे, हे ओळखण्याचा हा सराव भाऊरावांना जन्मभर उपयोगी पडला असावा.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी. ज्या परिसरात समंतभद्र वादासाठी आल्याचे शिलालेख सांगतो, त्याच परिसरात हा दुसरा वाद मांडला गेला. येथे राजसभा नव्हती. प्रतिपक्ष होता तो शिक्षणाविषयीचा अविश्वास आणि जातिभेदाची सवय. १९२४ मध्ये सातारा येथे काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली, एका पंक्तीला जेवू लागली. ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने गरिबीची सबब उरली नाही. अन्नधान्य संपले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. ज्या समाजाने तरुणपणी त्यांना नियम मोडणारा ठरवले, तोच समाज आज त्यांचे नाव अभिमानाने घेतो. तरुणपणीच्या मतभेदाचे उत्तर भाऊरावांनी एकाही जाहीर वादात दिले नाही, तर एका पंगतीने दिले, असेच म्हणावे लागेल.

धार्मिक शिक्षणाच्या क्षेत्रातही महाराष्ट्रात असाच विचार झाला. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने १९३६ मध्ये पाथर्डी येथे श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. क्रमबद्ध अभ्यासक्रम आणि परीक्षा यांमुळे पाठांतराला अर्थज्ञानाची जोड मिळाली.

तळवडे परिसराच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडचा चेहरामोहरा बदलू लागला. १९९७ मध्ये तळवडे गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आले. पुढे कारखान्यांच्या शेजारी माहिती तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली. येथील जैन कुटुंबांत कोणी राजस्थानी, कोणी गुजराती, कोणी मराठी बोलतात. मुले बहुधा इंग्रजी माध्यमात शिकतात. कंदमुळे का वर्ज्य, चौविहार कशासाठी, सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे का बसावे, असे प्रश्न पाठशाळेत आणि घरोघरी विचारले जातात. ‘आपल्यात असेच असते’ एवढ्या उत्तराने आज्ञापालन कदाचित होईल, पण मूल मोठे होऊन परगावी गेले की ते उत्तर त्याच्यासोबत जात नाही. कारण समजून स्वीकारलेला नियम मात्र परदेशातही पाळला जातो.

म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उद्धट न समजता प्रतिवादीचा मान द्यावा, हेच या परंपरेला साजेसे आहे. त्याची भाषा वृद्धवादींप्रमाणे शिकून घ्यावी लागेल, त्याची शंका समंतभद्रांप्रमाणे निर्भयपणे ऐकावी लागेल. आणि शब्द अपुरे पडतील तेथे, भाऊरावांनी दाखवल्याप्रमाणे, वडीलधाऱ्यांचे आचरण हाच शेवटचा पुरावा असेल.