सँ-बोनिफासची फ्रेंच नभोवाणी

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग शहरासमोर रेड नदीच्या पूर्व तीरावर वसलेल्या सँ-बोनिफास येथून २७ मे १९४६ रोजी ‘सीकेएसबी’ हे नभोवाणी केंद्र सुरू झाले. पश्चिम कॅनडातील ते पहिले फ्रेंच केंद्र होय. आज ते ‘रेडिओ-कॅनडा’ या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचे केंद्र म्हणून ओळखले जात असले, तरी त्याचा जन्म सरकारी निर्णयातून नव्हे, तर लोकवर्गणीतून झाला, आणि ती वर्गणी का काढावी लागली हे समजून घेण्यासाठी प्रांताच्या स्थापनेपर्यंत मागे जावे लागते.

१८७० साली मॅनिटोबा संघराज्यात सामील झाला, तेव्हा तेथील सुमारे १२,००० लोकवस्तीत फ्रेंच भाषिकांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. त्यांत बहुसंख्या होती ती ‘मेती’ समाजाची, म्हणजे फरच्या व्यापारात आलेले युरोपीय पुरुष आणि स्थानिक आदिवासी स्त्रिया यांच्या वंशजांची. याच समाजातील लुई रिएल याच्या नेतृत्वाखाली झालेल्या प्रतिकारामुळे प्रांताच्या स्थापना-कायद्यात विधिमंडळ व न्यायालये यांत दोन्ही भाषांना स्थान मिळाले होते. पुढील वीस वर्षांत ऑन्टारिओहून आलेल्या इंग्रजी भाषिक वसाहतकऱ्यांमुळे संख्याबळ पालटले, १८९० मध्ये विधिमंडळाने फ्रेंचचा अधिकृत दर्जा काढून घेतला, आणि १९१६ मध्ये, तडजोड म्हणून मधल्या काळात मान्य झालेले शाळांतील द्विभाषिक शिक्षणही बंद केले. फ्रेंच समाजाने त्याच वर्षी स्वतःची शिक्षणसंस्था स्थापन केली; ती आपले निरीक्षक नेमी, फ्रेंचच्या परीक्षा घेई, आणि कायद्याने नाकारलेले शिक्षण सरकारी शाळांच्याच भिंतींआड टिकवून धरी. नभोवाणीची चळवळ ज्या शिस्तीने पुढे उभी राहिली, ती शिस्त या तीन दशकांच्या सरावातून आलेली होती, असेच मानावे लागते.

शाळेवर पहारा ठेवता येत होता. नभोवाणीचे तसे नव्हते, कारण इंग्रजी आता थेट स्वयंपाकघरात येऊन बोलू लागली होती. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नभोवाणी आयोगाने देशभरच्या सामाईक प्रक्षेपणात काही फ्रेंच कार्यक्रम ठेवताच पश्चिमेकडील इंग्रजी भाषिकांतून तीव्र निषेध उमटला. या विरोधाचा परिणाम असा झाला की फ्रेंच प्रक्षेपण मुख्यतः क्वेबेकपुरते सीमित होत गेले आणि १९३६ मध्ये आलेल्या नव्या प्रसारण महामंडळाने दोन भाषांची जाळी वेगळी केली. पश्चिमेतील फ्रेंच भाषिक परवाना-शुल्क इतरांसारखेच भरत, परंतु त्यांच्या भाषेचे जाळे त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. १९३९ मध्ये सस्काचवान प्रांतातील वॉट्रस येथे महामंडळाने ५० किलोवॉट शक्तीचे प्रक्षेपक उभारले, आणि जमिनीच्या उत्तम विद्युतवहनक्षमतेमुळे त्याच्या मध्यम लहरी सपाट गवताळ प्रदेशात दूरदूरवर ऐकू जाऊ लागल्या. त्या लहरींवरून येणारा आवाज प्रामुख्याने इंग्रजीच होता.

म्हणून पश्चिमेतील फ्रेंच संघटनांनी महायुद्धाच्या काळातच स्वतःच्या केंद्रांसाठी परवाने मागण्याची आणि निधी जमवण्याची मोहीम हाती घेतली. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्ती, हा या समाजाचा मूळ घटक असल्याने वर्गणीही त्याच वाटेने फिरली, आणि क्वेबेकमधील भाषाबांधवांनीही भर घातली. सँ-बोनिफासनंतर १९४९ मध्ये एडमंटन येथे आणि १९५२ मध्ये सस्काचवानमधील ग्रॅव्हेलबर्ग व सॅस्कटून येथे अशीच केंद्रे निघाली. वर्गणी देणाऱ्या शेतकरी कुटुंबांचा यामागील त्याग फार मोठा होता, आणि भाषिक हक्कांच्या इतिहासात त्याला न्यायालयीन खटल्यांइतकेच स्थान मिळायला हवे.

तथापि विखुरलेल्या, लहान श्रोतृवर्गाच्या बळावर केंद्र चालवणे कठीणच होते. जाहिरातदारांसाठी बाजारपेठ विनिपेगच्या इंग्रजी केंद्रांकडे होती. अखेर १९७३ मध्ये सीकेएसबी रेडिओ-कॅनडाने विकत घेतले, आणि इतर तीन केंद्रेही त्याच सुमारास तिच्याकडे गेली. या हस्तांतराने आर्थिक विवंचना मिटली, पण ज्यांनी केंद्र उभारले त्यांच्या हातून त्याची मालकीही गेली. मॉन्ट्रियलमध्ये ठरणाऱ्या कार्यक्रमांत मॅनिटोबाचा आवाज किती असावा, हा प्रश्न तेव्हापासून या समाजापुढे सतत राहिला. ही किंमत मोठी होती, तरी पर्याय बहुधा केंद्र बंद पडण्याचाच होता.

प्रांतात फ्रेंचचा काढून घेतलेला अधिकृत दर्जा मात्र या काळात परत मिळाला नव्हता. सँ-बोनिफासचे रहिवासी जॉर्ज फॉरेस्ट यांनी केवळ इंग्रजीत मिळालेल्या पार्किंगच्या दंडपावतीला आव्हान दिले, आणि त्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० चा भाषाविषयक कायदा घटनाबाह्य ठरवला तो १९७९ च्या डिसेंबरात. तोपर्यंत सँ-बोनिफासचे केंद्र तेहतीस वर्षे फ्रेंचमधून बोलत आले होते.