नक्कल नेमकी कशाची? : गिटारचा अॅम्प्लिफायर, मिरजेचा तंबोरा आणि संगणकीय नाद

रत्नागिरी शहरालगत, काजळी नदीच्या मुखाशी पैलतीरावर भाट्ये हे गाव वसले आहे. येथील खाऱ्या, दमट हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. पावसाळ्यात तंबोऱ्याचे लाकूड व भोपळा जपणे कष्टाचे होते. जाणत्या कारागिराकडून जवारी काढून घ्यावयाची तर आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे मिरज गाठावी लागते. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला ‘सोय’ म्हणून हिणविणाऱ्यांनी हा भूगोल ध्यानात घ्यावयास हवा. मात्र हे उपकरण नक्कल कशाची करते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच होय.

पाश्चात्त्य संगीतात हा प्रश्न विद्युत गिटारच्या संदर्भात उद्भवला. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरवर मर्यादेबाहेर भार टाकला की ध्वनिलहरींचे माथे चपटे होतात व मूळ नादात नसलेले उपस्वर निर्माण होतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष. वादकांना मात्र तोच हवासा वाटला. 1962 मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांनी अमेरिकन ‘फेंडर बासमन’च्या धर्तीवर अॅम्प्लिफायर बनविले, त्यांची कीर्ती याच ‘दोषा’वर उभी राहिली. परंतु तो नाद मोठ्या आवाजातच खुलतो आणि घरात तो आवाज सोसवत नाही. 1998 मध्ये ‘पॉड’ हे उपकरण, 2002 मध्ये ‘अॅम्प्लिट्यूब’ व 2004 मध्ये ‘गिटार रिग’ ही सॉफ्टवेअर आली, ती या अडचणीतून वाट काढण्यासाठी. त्यांत स्पीकरच्या पेटीचा परिणाम एका क्षणिक ध्वनिस्पंदाच्या मुद्रणावरून बराचसा टिपता येतो. व्हॉल्व्हचे वर्तन मात्र वादकाच्या आघाताबरोबर बदलते, त्यामुळे ते सहज हाती लागत नाही. शिवाय सॉफ्टवेअर सहसा मायक्रोफोनने टिपलेल्या पेटीचा नाद देते, खोलीत उभ्या वादकाच्या कानी पडणारा नव्हे. ‘खरा वाटत नाही’ ही तक्रार पुष्कळदा येथूनच निघते.

तंबोऱ्यातही असाच एक ‘दोष’ आहे. घोडीचा माथा किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्याला पुनःपुन्हा स्पर्श करते आणि तारेखाली सरकविलेला सुताचा धागा हा स्पर्श नेमका साधून देतो. तारेच्या ज्या बिंदूवर आघात होतो तेथे निस्पंद असणारे उपस्वर रूढ नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात ते उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 च्या निबंधात घोडीच्या घडणीवरून स्पष्ट केले. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी वाद्यनिर्मितीला आरंभ केला. त्या परंपरेतील कारागीर कानसेने घोडी घाशीत आले, त्याला रामन यांच्या समीकरणांची आवश्यकता नव्हती.

1979 मध्ये बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा घडविला. पुढे खऱ्या वाद्याचे मुद्रण वापरणारी यंत्रे व मोबाइलवरील अॅप आली. मुद्रणाने नाद अस्सल झाला खरा, पण तो एका वाद्याचा, एका जवारीचा, एका मायक्रोफोनपुढचा. तोच आवर्तनाने फिरत राहतो. गायकाने धागा केसभर सरकवून स्वर उजळावा, ही क्रिया त्यात नाही. तार व घोडी यांचा स्पर्श गणिताने मांडणारे अलीकडचे प्रयत्न त्या दृष्टीने अधिक आश्वासक वाटतात. ते सामान्य विद्यार्थ्याच्या घरापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा कान अपरिवर्तनीय जवारीवरच घडणार, ही चिंता उरते.

2024 मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते वाद्याच्या नावाला व उगमाला संरक्षण देते, त्याच्या नादाला नाही. मिरजेचा एखादा तंबोरा मुद्रित करून हजारो मोबाइलमध्ये वाजविला गेला, तरी कारागिराला मिळते ती त्या एका वाद्याची एकदाच दिलेली किंमत.